रोज चालवायची गाडी

"जे म्हणवत नाही ते म्हणू नकोस. तिथं गप्प राहा. पण रोज गप्प राहा, चुकवू नकोस."

फादर अन्सेल्म यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. फादर जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, पण संध्याकाळी साडेपाचला जपमाळ हातात घेतली की त्यांचा तो सर्दीनं बसलेला आवाज आधी ऐकू येतो. प्रभूच्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आहे. ती आली की मी ओठ मिटते, ओळ जाऊ देते आणि पुढचं म्हणते. पन्नास वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही. बुधवार-शुक्रवार मांस खात नाही, तेही तेव्हापासूनच.

माझं नाव स्टाशा. मी गाड्यांच्या सीट शिवते. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात शिवल्या. कारखाना बंद पडला तेव्हापासून धाकटा भाऊ काझिक याच्या गॅरेजात शिवते. गॅरेज फ्लिंट शहराच्या उत्तरेला, मिल रोड जिथं हमरस्त्याला मिळतो त्या कोपऱ्यावर आहे. माझं मशीन खिडकीशी असतं. पलीकडे काझिक जुन्या गाड्या उघडतो आणि पुन्हा जोडतो.

ऑगस्टात मिस्टर फिच आले. डेलमर फिच. सत्तरीचे, उंच, उन्हानं रापलेले. जन्म इथलाच, पण आयुष्य ॲरिझोनात गेलेलं. वडील वारले म्हणून शेतावरच्या घरी परतले होते. धान्याच्या कोठारात ताडपत्रीखाली त्यांची तरुणपणची गाडी निघाली, ती ट्रकवर घालून आणली होती. एकोणसत्तर सालची, दोन दारांची, आठ सिलेंडरची, गडद हिरवी. बॉनेट एखाद्या पलंगाएवढं.

"प्रदर्शनात ठेवायची नाहीये मला," ते म्हणाले. "रोज चालवायची. दूध आणायला, केस कापायला."

काझिक खूश झाला. "शेवटी एक शहाणा माणूस भेटला! बाकीचे गाडी नीट करून घेतात आणि पलंगपोस घालून ठेवतात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घालू, पॉवर स्टिअरिंग घालू, चांगले पट्टे बसवू. तुमची नातसुद्धा चालवेल."

"मला कुणी नाही," फिच म्हणाले. सहज म्हणाले.

सप्टेंबरात काझिकनं काचा काढल्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक खूण असते, तिच्यावरून काच कुठल्या महिन्यात बनली ते कळतं. जुन्या गाड्यांचं काम करणारे ही खूण आधी बघतात. सगळ्या काचा एकोणसत्तरच्या निघाल्या. समोरची तेवढी चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरची.

"समोरची बदललीय, फिच," काझिक म्हणाला.

"हरीण," फिच म्हणाले. "नोव्हेंबरातलं. तुम्हाला काय सांगायचं."

खरंच सांगायला नको होतं. नोव्हेंबरात आमच्याकडे अर्धा गाव नारिंगी जाकिटं घालून रानात शिकारीला असतो आणि बिथरलेली हरणं रस्त्यावर येतात. प्रत्येक घरात एक तरी हरणाचा किस्सा असतोच. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून मी विचारलं, "मांस काय केलंत?"

"काय?"

"हरणाचं. किती निघालं?"

फिचनी माझ्याकडे बघितलं. मग काझिककडे. "ते... पळून गेलं."

"काच फोडून पळालं?" काझिक हसला. "भलतंच खमकं होतं म्हणायचं!"

फिचही हसले. जरा उशिरा.

मी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. आमच्याकडे माणूस आपल्या लग्नाची तारीख विसरेल, पण गाडीखाली आलेल्या हरणाचे किती सॉसेज झाले ते विसरणार नाही. आणि हरीण पळून गेलं असेल, तर त्याचा पाठलाग किती केला ते तरी सांगेलच.

चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात माझी धाकटी बहीण वांडा गेली. सतरा वर्षांची होती. संत हेडविगच्या चर्चमधून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आटपून मिल रोडनं चालत घरी येत होती. साडेपाचची वेळ, नुकतंच अंधारलेलं. कुणीतरी उडवलं आणि निघून गेलं. सकाळी चरात सापडली. जागच्या जागी गेली, तिला काही कळलंही नसेल, असं आम्हाला सांगण्यात आलं. आई त्या एका वाक्यावर पुढची अकरा वर्षं जगली.

वांडाच्या मुठीत तिची जपमाळ होती, तुटलेली. ती मीच वापरते. बाबा कारखान्यात हत्यारांच्या विभागात होते. गिअरच्या दांड्यांच्या मुठी बनवायचे ते तपकिरी प्लास्टिक उरलं, की लेथवर धरून त्यांनी तिचे मणी कातले होते. खारकेच्या रंगाचे, प्रत्येक मण्याच्या पोटावर एक खाच. तसे मणी जगात दुसरीकडे कुठे नाहीत. त्यातले सात गेले होते. सहा बारके आणि एक मोठा. मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना म्हणतात. तो मणी आला की माझी बोटं नुसत्या तारेवर थांबतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्या गाडीत नवा गालिचा घातला. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याचे पाय असतात तिथं, एक तपकिरी मणी पडलेला होता. पोटावर खाच.

मी तो उचलला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. कुणाला काही बोलले नाही.

याला कारण असू शकतं, हे मला कळत होतं. बॉनेट आणि काच यांच्या मध्ये जाळी असते. तिच्याखालच्या पन्हळीत पाला साठतो, काच फुटली तर तिचा चुराही साठतो. तिथून वाट हीटरच्या पेटीत जाते आणि पेटीचं तोंड उजव्या बाजूच्या पायांशी उघडतं. पन्नास वर्षांपूर्वी अडकलेला मणी आज सुटला, इतकंच. तेवढ्यानं मला हवं ते कळलं होतं. त्या दिवशीची शिवण मी सरळ मारली.

दुसऱ्या दिवशी दुसरा मणी आला.

तिसऱ्या दिवशी काझिकनं जुनी पेटी काढून भंगारात टाकली. पन्हळ पाण्याच्या फवाऱ्यानं धुतली, आतून रंगवली. नवी कोरी पेटी बसवली. तिच्या आतल्या पॅकिंगच्या कागदी पट्ट्या माझ्यासमोर सोलल्या.

चौथ्या दिवशी सकाळी तिसरा मणी होता. गालिच्यावर अगदी मधोमध, ठेवल्यासारखा.

असे सहा आले. मी ते जपमाळेत जागच्या जागी ओवले. मग आठवडाभर वाट पाहिली. रोज सकाळी काझिकच्या आधी येऊन गुडघे टेकून बघायची. सातवा, मोठा मणी आला नाही. तो आला असता तर मी ती ओळ म्हटली असती. खरंच म्हटली असती. पण तो तिनं पाठवला नाही.

काझिक वेगळ्याच काळजीत होता. "लोण्यासारखी चालते गं गाडी. हमरस्त्यावर हात सोडले तरी रेघेत. पण मिल रोडला लागली की उजवीकडे ओढते. चर्चच्या अलीकडे तो दगडी मोरीचा पूल आहे ना, तिथं तर दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागते. तीनदा चाकांचं अलाइनमेंट केलं."

"रस्ताच कललेला असेल."

"आपल्या ट्रकला नाही कलत." मग त्यानं थट्टा करून बघितली. "गाडीला चर्चला जायचंय बहुतेक. तुझी संगत लागली."

मोरीच्या पुलाशीच वांडा सापडली होती. काझिक तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याला नेमकी जागा कुणी दाखवली नव्हती.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी फिच गाडी न्यायला आले. काझिक सामान आणायला गेला होता. बाहेर गारठा होता. फिच गाडीभोवती दोनदा फिरले, सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"सुरेख काम केलंत, मॅडम."

मी जपमाळ त्यांच्यासमोर धरली. ते सहा मणी अंगठ्यानं दाखवले.

"हे तुमच्या गाडीत सापडले. ती माझी बहीण होती."

त्यांनी नाकारलं असतं तर मी काय करणार होते? माझ्याकडे मण्यांशिवाय काही नव्हतं. पण ते माझ्या स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीच्या आत बघितलं.

"मी थांबलो होतो," ते म्हणाले.

मी जपमाळ मुठीत घेतली.

"प्यायलेलो होतो. पण थांबलो, उतरलो. ती चरात पडली होती. काहीतरी मोजत होती, हळूहळू. मला वाटलं, आकडे मोजतेय. मग मी गाडीत बसलो. वडिलांनी दुसऱ्या दिवशी काच मागवली, महिन्याभरात मला ॲरिझोनाला धाडलं."

मोजत नव्हती. सतरा वर्षांची मुलगी अंधारात, चरात पडून, मुठीत जपमाळ धरून मोजत नसते.

आईचं ते वाक्य मला आठवलं. जागच्या जागी गेली. काही कळलंही नसेल.

"मी उद्या शेरीफकडे जातो," फिच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "सगळं सांगतो आणि मोकळा होतो."

"नको," मी म्हटलं.

मी आवाज कधी चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"तुम्ही म्हणाला होतात, रोज चालवायची. तर रोज चालवा. साडेपाचला इथून निघायचं, मिल रोडनं चर्चपर्यंत जायचं आणि परत यायचं. बर्फ असो, ताप असो. दुसरं मला काही नको. वचन द्या."

"एवढंच?" त्यांना हायसं वाटलं असावं. "आणि किती दिवस?"

"मला फादरनी किती दिवस ते सांगितलं नव्हतं."

त्यांनी वचन दिलं. हात पुढे केला. मी तो धरला. गरम होता.

कोठाराचं छत पडायला आलं होतं, म्हणून त्यांनी हिवाळ्यापुरती गाडी आमच्याच मागच्या गाळ्यात ठेवली. रोज सव्वापाचला ते ट्रक घेऊन यायचे, गाडी काढायचे. मी खिडकीशी जप करत असे. पहिले तीन दिवस त्यांनी मला टोपी उचलून दाखवली.

चौथ्या दिवशी काझिकला म्हणाले, "उजवीकडे ओढतेय."

दहाव्या दिवशी म्हणाले, "आत कसला तरी आवाज येतो. कुणीतरी मोजल्यासारखा."

"इंजिनातले टॅपेट वाजत असतील," काझिक म्हणाला. "जुनी इंजिनं अशीच मोजतात. कधी येतो?"

"जाताना नाही. परत येताना."

काझिकनं इंजिन उघडलं, पुन्हा मिटलं. त्याला काही सापडलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दोरा ओवत होते.

ख्रिसमसच्या आधी एकदा फिच आलेच नाहीत. ताप होता म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी काझिक मागच्या गाळ्यातून आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"स्टाशा, काल तू गाडी काढलीस?"

"मला चालवता येते का?"

"चाकांना ओला चिखल लागलाय. बॉनेट कोमट आहे. किल्ली रात्रभर माझ्या खिशात होती."

आम्ही फिचना फोन केला नाही. तरीही त्या संध्याकाळी ते सव्वापाचला आले. अंगात ताप होता, दाढी वाढलेली होती. सरळ गाळ्यात गेले. त्यानंतर त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

काझिकनं मला एकदाच विचारलं. "तुला काही सांगायचंय का?"

"नाही."

"म्हातारा वाळत चाललाय गं. विकून टाका म्हटलं गाडी, तर म्हणतो, मग ती कशानं येईल?"

मी मशीन सुरू केलं.

आज बुधवार. फेब्रुवारी संपत आलाय. दुपारपासून बर्फ पडतंय. घरी बीटचं सूप केलंय, मांसाशिवाय.

सव्वापाचला फिच आले. कोट त्यांच्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. गाडी बाहेर काढून त्यांनी खिडकीसमोर उभी केली, इंजिन चालू ठेवलं. काचेवरचं बर्फ हातानं पुसलं. आवाज छान होता, भरीव. काझिकचं काम चांगलं असतं.

मी जपमाळ घेतली होती.

मग फिच खाली उतरले. गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला आले. दार उघडून धरलं, टोपी काढली.

थांबले. एखादी मुलगी लांब कोट गोळा करून नीट बसेपर्यंत थांबावं, तेवढं.

दार हलक्या हातानं लावलं. मग आपल्या जागी जाऊन बसले, आणि गाडी मिल रोडला लागली.