झोपेआधीची सहल

सेलूच्या लहान मुलांच्या दवाखान्यात वाफ द्यायच्या दोन मशीन होत्या आणि दोन्ही एकाच बाकाजवळ ठेवलेल्या. त्यामुळे जानेवारीतल्या त्या दुपारी आकांक्षाच्या मांडीवरचा ओजू आणि शेजारच्या माणसाच्या मांडीवरची एक मुलगी, दोघं एकमेकांकडे बघत एकाच सुरात रडत होते.

ओजू हा आकांक्षाच्या मोठ्या बहिणीचा मुलगा, अडीच वर्षांचा. रोशनी दुसऱ्या बाळंतपणासाठी हिंगणीला माहेरी आली होती. तिला आता फार उठबस होत नसे, म्हणून सकाळची शाळा सुटली की ओजू मावशीच्या वाट्याला. सेलूच्या शाळेत मोठ्या मुलांना गणित शिकवणाऱ्या आकांक्षाला हा एवढासा जीव मात्र आवरत नव्हता. मास्क नाकाजवळ नेला की तो मान फिरवायचा.

शेवटी ती त्याच्या कानात म्हणाली, "हे नाकावर ठेवलं ना, तं आपन मोठ्या बागेत जाऊ. तिथं झुकझुकगाडी राह्यते. हत्ती राह्यते, कान हलवनारा…"

ओजू गप्प झाला. बाजूची मुलगीही गप्प झाली. तिनं आपल्याच हातानं मास्क नाकावर दाबून धरला आणि आतून घुमणाऱ्या आवाजात म्हणाली, "मी पन."

"ऐकलं हिनं," तिला मांडीवर घेतलेला माणूस हळूच म्हणाला. "आता काई खरं नाई."

"काऊन?"

"ही विसरत नाई. दिवाळीले मी म्हटलं होतं, मांजरीचं पिल्लू आनतो. रोज सकाळी विचारे."

"मंग आनाचं ना."

"आनलं. ते पयून गेलं. आता म्हनते, तेच पायजे."

आकांक्षाला हसू आलं. "मी त याले चूप बसवाले म्हटलं होतं. खरंच जाचं नव्हतं काई…"

"म्हनजे दोघाईले फसवलं," तो म्हणाला. चेहरा अगदी गंभीर होता, पण डोळे तसे नव्हते.

तो योगेंद्र. हिंगणीच्या पुढे, धरणाच्या रस्त्याला त्याचा भाजीचा मळा होता… पालक, मेथी, वांगी. आकांक्षानं त्याला येता-जाता लांबून पाहिलेलं होतं आणि गावात सगळ्यांना माहीत होतं तेवढं तिलाही माहीत होतं: रेवा अगदी तान्ही असताना त्याची बायको, काजल, तापाचं निमित्त होऊन गेली. आता रेवा तीन वर्षांची होत आली होती. तिला बाप आणि आजी, दोघंच.

दोन-तीन दिवसांनी तो शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. हातात मेथीची जुडी.

"हे तुमच्यासाठी," तो म्हणाला. "आन रेवानं विचारलं, गाडी कधी?"

आकांक्षाला वाटलं, आता माघार घेणं बरं नाही. नागपूरच्या वाटेवर एक नवं थीम पार्क झालं होतं. तिनं मोबाईलवर सगळं शोधून काढलं, आणि त्या आठवड्यात ओजूला कडेवर घेऊन मळ्यात गेली. मुलं पाटाच्या ओल्या मातीत बसली. बांधावर बसून तिनं बेत सांगितला. सकाळी निघायचं, आधी मोठे पाळणे, मग जेवण, मग पाण्याचे खेळ, अंधार पडला की रोषणाई, मग घरी.

योगेंद्रनं सगळं शांतपणे ऐकलं. "आन झोपतीन कधी?"

"म्हनजे?"

"दुपारी. रेवा जेवली का झोपते. झोप मोडली तं ती रडते. ती रडली का ओजू रडन. मंग तुमी रडसान."

"मी नाई रडत."

"पाहू."

तो म्हणाला ते खरंच होतं. शिवाय मोठ्या पाळण्यांत एवढ्या लहानांना घेतच नाहीत हेही नंतर वाचताना तिच्या लक्षात आलं. उरली झुकझुकगाडी, बदकांची नाव आणि कान हलवणारा हत्ती. त्या दिवशी बांधावर ठरलं ते एवढंच, की सहल छोटी करायची. सकाळी लवकर पोचायचं आणि मुलांच्या झोपेआधी तिथून निघायचं.

पण कधी, ते काही ठरेना.

"मंगळवारी? शाळेत रजा टाकते मी," ती म्हणाली.

"मंगळवारी धुई राह्यते. गाडीपुढचं दिसत नाई."

"दर मंगळवारी?"

"यंदा लागलीच आहे तशी…" तो वांग्याच्या पानावरची कीड बघायला वाकला.

पुढच्या आठवड्यात त्याचा संक्रांतीचा बाजार निघाला. त्यानंतर आकांक्षाच म्हणाली, की ओजूचा खोकला अजून पुरता गेलेला नाही. ती हे फोनवर सांगत असताना रोशनी पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "ओजू खोकलते? मले त ऐकू नाई आलं कधी."

"रात्री खोकलते."

"माह्या बाजूले झोपते तो," रोशनी म्हणाली आणि हसून कुशीवर वळली.

बेत लांबत गेला, आणि त्याच्यासाठी मळ्यात जाणंही. मुलांच्या डब्यात काय न्यायचं, यावरून एक अख्खी दुपार गेली.

"वरन-भात," आकांक्षा म्हणाली.

"सांडते."

"मंग दूध-पोळी?"

"गाडीत दूध? ओकतीन दोघंई. परत येताना तुमी मागं बसा, मी समोर."

"तुमीच सांगा मंग, शहाने असान तं."

"तूप-साखरेची पोळी. गुंडाळून. एक त्याईच्या हातात, एक आपल्या."

"आपल्याले काऊन?"

"आपन काय उपाशी जाचं? मी त तुमच्या हातची खाईन म्हटलं होतं…" बोलून गेल्यावर त्याचे कान लाल झाले, आणि तो मोटर बंद करायला उठून गेला. मोटर बंदच होती.

आकांक्षा कोथिंबिरीच्या वाफ्याकडे बघत राहिली. उन्हानं वास वर येत होता. मागे रेवा ओजूला चिखलाची पोळी खाऊ घालत होती, आणि तो आज्ञाधारकपणे तोंड उघडत होता. आकांक्षाला धावावं लागलं.

मग मळ्यातली एक दुपार वेगळीच निघाली. रेवाच्या आजीनं, कुसुमबाईंनी, मऊ शिजवलेल्या भरड्याची वाटी आणली होती. रेवा आजीच्या हातून खाईना. आकांक्षानं घास पुढे केला, तसं तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं. वाटी रिकामी झाली. कुसुमबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"पाह्य बाई. माह्या हातचे दोन घास जात नाई तिच्या पोटात. देवानंच धाडलं तुले. या लेकराले मायची गरज होती."

योगेंद्र समोरच उभा होता, हातात पाण्याचा पाईप. पाणी एकाच जागी पडून तिथं खड्डा झाला.

आकांक्षा घरी आली ती गप्प गप्प. रेवा तिला आवडत नव्हती असं नाही. रात्री डोळे मिटले तरी ते छोटे, मातीनं भरलेले हात दिसायचे तिला. पण कुसुमबाईंचं बोलणं आत कुठेतरी रुतून बसलं. म्हणजे इतके दिवस तो जे बोलत होता, हसत होता… ते सगळं लेकरासाठी? बाजारात चांगलं बियाणं बघावं तसं त्यानं आपल्याला बघितलं असेल का? ती मळ्यात जाईनाशी झाली. त्याचा फोन आला की रोशनीला उचलायला सांगे.

आठवडा तसाच गेला. मग एके दिवशी रोशनीच म्हणाली, "मी बाळंत झाली का तुले सवड भेटनार नाई. ओजू रोज गाडी-गाडी करते. लेकराईले शब्द दिला आहे. तो तरी ठेव."

तेव्हा कुठे सहल निघाली.

योगेंद्रनं मित्राची कार आणली होती. सकाळची थंडी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून ठेवलेल्या तुरीचे ढीग होते. आकांक्षा मुलांना घेऊन मागे बसली. आरशात दोनदा तिची आणि त्याची नजर भेटली. दोन्ही वेळा तिनंच काढून घेतली.

पार्कमध्ये शिरल्या शिरल्या कान हलवणारा हत्ती दिसला आणि ओजू किंचाळून तिच्या गळ्याला बिलगला. रेवा हत्तीला घाबरली नाही, पण बदकांच्या नावेत बसायला तयार होईना. बदकांना दुखेल म्हणाली. मग दोघांना एक उतार सापडला, चाकाच्या खुर्च्या वर न्यायला केलेला, साधा सिमेंटचा. त्यावरून ते खाली पळत आले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. इतक्या लांबून आणलेली मुलं ती, आणि त्यांची सगळी सकाळ त्या उतारावर गेली. खाली योगेंद्र उभा राहून एकेकाला झेलत होता, वर आकांक्षा त्यांना पुन्हा सोडत होती. ती ठरवून गंभीर राहिली होती, पण ओजू पाचव्यांदा की सहाव्यांदा पोटावर घसरत खाली गेला तेव्हा तिला हसू आवरलं नाही. खालून योगेंद्र तिच्याकडेच बघत होता.

झुकझुकगाडी सगळ्यात शेवटी. डबा एवढा लहान, की समोरासमोर बसल्यावर गुडघे गुडघ्यांना लागले. दोघांनीही ते मागे घेतले, पण मागे जागाच नव्हती. पहिला फेरा पुरा व्हायच्या आत रेवा आकांक्षाच्या खांद्यावर झोपली. ओजू योगेंद्रच्या मांडीवर, तोंड उघडं टाकून.

उतरल्यावर ते झाडाखालच्या बाकावर बसले. ऊन आता कोमट झालं होतं.

"आना, मी घेतो तिले. हात दुखन तुमचा."

"राहू द्या. उठन ती."

योगेंद्रनं ओजूला नीट मांडीवर घेतलं.

"एक विचारू?" आकांक्षा म्हणाली. "रेवाले माय पायजे म्हनून तुमी मले—"

"नाई."

एवढं पटकन आलं ते उत्तर, की ओजू झोपेत दचकला. योगेंद्रनं त्याला थोपटलं.

"रेवाचं चाललं आहे," तो आता हळू बोलत होता. "मी आहे, आजी आहे. तिच्यासाठीच पाहाची असती, तं मागच्या वर्षी आत्यानं दोन स्थळं आनली होती. चांगल्या होत्या पोरी. मीच नाई म्हटलं." तो थांबला. "त्या दिवशी आई बोलली तेव्हाच मी बोलाले पायजे होतं. पन काय बोलू? तीन वर्षांची पोर आहे माही. तुमच्यासाठी कोनी मोकळा पोरगा येईन… मी कोन्या तोंडानं म्हनू, का मले तुमी पायजे? रेवाले नाई. मले."

आकांक्षानं मान वर केली नाही.

"त्या मंगळवारी धुई नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"कोन्याच मंगळवारी नव्हती. संक्रांतीचा बाजारही आईच करते. सहल त पहिल्याच आठवड्यात झाली असती. पन मंग तुमी वावरात काऊन आल्या असत्या?"

दूर गाडीनं शिटी दिली. आकांक्षा रेवाच्या केसांतली वाळकी काडी काढत राहिली, बराच वेळ… काडी निघून गेली तरी.

"ओजूचा खोकला," ती शेवटी म्हणाली, "दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी बरा झालता."

योगेंद्रचे खांदे हलू लागले. लेकरं उठू नयेत म्हणून तो आवाज न करता हसत होता, आणि त्याचं ते हसू आवरणं बघून तिलाही आवरेना.

मग ती गंभीर झाली. "पन मी आत्ता हो म्हननार नाई. मले रेवाचे बाबा माहीत आहे. तुमी माहीत नाई. रविवारी धरनावर या. एकटे."

"एकटा?"

"एकटे. लेकराईचं काई बोलाचं नाई."

त्या आठवड्यात रोशनीला मुलगी झाली. घरात पाहुणे, शेक-शेगडी, ओजूचा रुसवा… तरी रविवारी दुपारी आकांक्षा बोर धरणाच्या भिंतीवर पोचली. योगेंद्र आधीच येऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. कडेवर कोणी नाही, बोट धरून कोणी नाही. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. तो ते कधी खिशात घाली, कधी मागे बांधी.

आधी शब्द जुळेनात. मग त्यानं काजलबद्दल सांगितलं, आपणहून. ती फार मोठ्यानं हसायची, हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला, आणि आकांक्षानं त्याला घाई केली नाही. मग तो म्हणाला, की त्याला मेथी मुळीच आवडत नाही. पिकवतो तेवढी. तिनं सांगितलं, की शाळेत ती पोरांवर ओरडते आणि घरी येऊन तिला वाईट वाटतं. आणि तिनं अजून समुद्र पाहिला नाही. त्यानंही नव्हता पाहिला. पाण्यावरून वारा येत होता, पलीकडचं जंगल दुपारच्या उन्हात स्थिर होतं, आणि बोलणं कधी सोपं होऊन गेलं ते दोघांनाही कळलं नाही.

उन्हं कलली तसे ते निघाले. भिंतीवरून खाली उतरताना एका ठिकाणी दगड सुटे होते. योगेंद्र पुढे होता. सवयीनं त्यानं मागे वळून हात पुढे केला आणि आकांक्षानं तो धरला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आणि तो गोंधळला.

"लेकरू नाई मी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

दगड संपले. पुढे सपाट वाट लागली. त्यानं हात सोडला नाही, तिनंही नाही.

"घरी कोन सांगन?" त्यानं विचारलं. "मी येऊ तुमच्या बाबाईले भेटाले?"

"आधी मी सांगते," आकांक्षा म्हणाली. "मंग येजो तू."