बोलायचं ते फक्त त्याच्याशी

झेब्लोन म्थेम्बू सकाळी घरातून निघाला तेव्हा त्याच्या हातात बोरीची काटेरी फांदी होती आणि मनात एकच धास्ती. त्या पोराशी वाटभर बोलायचं तरी काय?

पोरगा म्हणजे त्याच्या धाकट्या भावाचा लुंगेलो. भाऊ वारल्यावर झेब्लोननंच त्याला वाढवलं. पोरगा मिसरूड फुटायच्या आधीच रॅप करायला लागला, आपल्या झुलू भाषेत, आणि बघता बघता डरबनच्या रेडिओवर वाजायला लागला. झेब्लोनच्या लेखी ती नुसती कटकट. घरात पोरानं तोंड उघडलं की याचं ठरलेलं, "गप बस." अखेर पोरगा चिडून शहरात गेला. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही, आणि एका कार्यक्रमावरून परतताना डरबनबाहेर त्याची गाडी उलटली.

त्याला गावी आणून पुरलं खरं, पण त्याच्या आईच्या, तोलाकेलेच्या डोळ्याला डोळा लागेना. "रोज स्वप्नात येतो, भावजी. रस्त्याच्या कडेला उभा असतो. म्हणतो, मला न्यायला कुणी आलंच नाही."

बाहेर मेलेल्याचा जीव तिथेच घुटमळतो. घरच्या वडीलधाऱ्यानं बोरीची फांदी घेऊन जावं, जागेवर त्याला हाक मारावी, फांदीवर बसवून घरी आणावं. वाटेतलं प्रत्येक वळण, प्रत्येक नदी त्याला सांगावी लागते. आणि परतीच्या वाटेवर बोलायचं ते फक्त त्याच्याशी. जित्या माणसाशी एक शब्द बोललात, तर तो तिथेच उतरून जातो.

निघताना तोलाकेले फाटकापर्यंत आली होती. "बोलाल ना त्याच्याशी?"

"बोलेन."

"रागावू नका हो वाटेत."

अपघाताच्या जागी गवतात अजून काचा चमकत होत्या. कुणी मेणबत्त्या लावून गेलं होतं, कुणी आपली टोपी ठेवून. झेब्लोननं फांदी जमिनीला टेकवली. नावानं आणि मग कुळाच्या नावानं हाक मारली. "लुंगेलो... म्वेलासे... मी आलोय रे. चल घरी." उचलताना फांदी जड लागली. त्यानं दोन्ही हात लावले.

शेअर टॅक्सीत फांदी दिसताच पुरुषांनी टोप्या काढल्या, एका बाईनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. फांदीला खिडकीची जागा मिळाली, तिचं भाडंही त्यानं दिलं. दोन्ही हातांनी ती धरून शेजारी बसल्यावर त्या बाजूचा त्याचा दंड गार पडत चालला.

"हे बघ, उसाची शेतं लागली," तो पुटपुटला. जळक्या उसाचा वास आत येत होता. "आपली तांबडी शेळी व्याली. तुझ्या आईचे गुडघे तसेच." मग जीभ सैल झाली. "तू गेलास त्या दिवशी मी गोठ्यामागे उभा होतो. तुला हाक मारणार होतो. नाही मारली." डोळे पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

झेब्लोन कुठून गाडीत बसला, त्यावरून ड्रायव्हरनं ओळखलं. मागच्या मुलींना हळूच म्हणाला, "अगं, हा तर आपला लुंगेलो." आणि भल्या मनानं त्यानं त्याचंच गाणं लावलं. पोराचा आवाज गाडीभर घुमला. मुली रडत रडत सोबत म्हणू लागल्या.

समोर तुगेला नदीचा पूल दिसायला लागला. नदी ओलांडण्याआधी सांगितलं नाही, तर मेलेला अलीकडेच राहतो. झेब्लोन सांगत होता, पण त्याचं त्यालाच ऐकू येईना. ड्रायव्हरला 'बंद कर' म्हणायची सोय नाही. पूल जवळ आला. त्याचं डोकं तडकलं. ज्याच्याशी बोलायची मुभा होती, त्या एकट्याशी तो बोलला.

"गप बस, लुंगेलो. नदी आलीय."

आवाज थांबला. ओळ अर्धीच राहिली, ढोल मात्र वाजत राहिला. मुलींनी उरलेली अर्धी ओळ म्हटली आणि त्याही गप्प झाल्या.

"बिघडलं वाटतं," म्हणत ड्रायव्हरनं यंत्रावर चापट मारली.

"आता तुगेला ओलांडतोय," झेब्लोन फांदीला म्हणाला. "माझ्यासोबत ये."

घरी झोपडीत मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागी फांदी ठेवली, शेजारी ज्वारीच्या बियरचं मडकं. सकाळी आत सोडलेल्या बकऱ्यानं फांदीचा पाला शेवटच्या पानापर्यंत खाल्ला. म्हणजे पोरगा पोचला. तोलाकेले पोटभर रडली आणि कित्येक दिवसांनी झोपली.

दुपारी उठल्यावर तिनं शेजारच्या पोरीला त्याचं गाणं लावायला सांगितलं. फोनवर ढोल वाजला, शब्द आलेच नाहीत. दुसरं गाणं लावलं, दुसरा फोन आणला. तेच. रेडिओवर निवेदक माफी मागत होता, काहीतरी गडबड आहे म्हणत होता.

तोलाकेलेनं झेब्लोनकडे पाहिलं. "वाटेत काय बोललात त्याच्याशी?"

त्यानं खाली मान घालून सांगितलं.

तिनं पोरीच्या हातातला फोन घेऊन त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "जिवंत होता तोवर कधी ऐकलं नाही हो त्यानं तुमचं."

झेब्लोन फोन घेऊन एकटाच झोपडीत गेला. त्या भिंतीपाशी गुडघ्यांवर बसला. फोन कानाशी धरला.

"बोल बाळा... काय हवं ते बोल. मी ऐकतोय."

ढोल वाजत राहिला. आणि मग त्याला ऐकू आलं. जिथे ओळ सुरू व्हायची, तिथे आत घेतलेला श्वास होता. त्यापुढे काही नाही. पुन्हा श्वास. पुन्हा काही नाही. लहानपणी पोरगा असाच बोलायला तोंड उघडायचा आणि काकाचा चेहरा बघून मिटायचा.

त्याला सहन होईना. त्यानं फोन बंद केला. ढोल थांबला.

भिंतीपाशी कुणीतरी पुन्हा श्वास आत घेतला.