उतरण्याची खूण

सरोवर आणि त्याभोवतीच्या डोंगरांचा नकाशा पुरा व्हायला एकच कोन उरला होता. रादोमान काठावर दुर्बीण रोखून बसला होता. समोरच्या तीरावर, पाइनच्या जंगलावरच्या सुळक्यावर त्याचा मेहुणा वुकोता दुर्बिणीला नेम मिळावा म्हणून आरशाने ऊन परतवत होता. खालचा आरसा तीनदा चमकल्याशिवाय वरच्याने जागा सोडायची नाही, हा मोजणीवाल्यांचा कायदा!

कोन मिळाला. पण रादोमानला हाव सुटली. आणखी एकदा मोजू, चोख काम होईल!

“साहेब, ढग बघा,” नावाडी मितार म्हणाला. “उतरवा त्याला आता.”

“गप रे! तुझं आपलं सदा रडगाणं.”

दुसरं माप संपलं आणि ऊनच गेलं. आता आरसा चमकवणार कशाने? सुळका ढगात बुडाला. वर वीज कडाडली!

रादोमान ताडकन उठला. वुकोता शब्दाचा पक्का, मरेल पण हलणार नाही. त्याला तिथे आपणच खिळवून ठेवला!

“होडी काढ!”

तरीही दुर्बिणीची पेटी त्याने सोबत घेतलीच. काठावर भिजली असती ना! याची त्याला पुढे फार लाज वाटली.

मध्यावर लाटा होडीत घुसल्या. “वजन टाका, नाहीतर बुडालो!” मितार ओरडला. पेटीत दुर्बीण होती, उन्हाळाभराच्या मोजणीचे कागद होते. रादोमानने ती उचलली. टाकली!

पलीकडे उतरून तो धावत सुटला. उन्मळलेले पाइन ओलांडत, निसरड्या खडकांवर गुडघे फोडून घेत तो चढत राहिला. “वुकोता! अरे ए वुकोता!” वारा आवाज गिळत होता.

माथ्यालगतच्या कपारीत वुकोता कुडकुडत बसला होता. आरसा ठेवायची लोखंडी घोडी विजेने वाकली होती, आणि त्याच्या उजव्या हाताचा तळवा भाजून काळा पडला होता.

“दाजी, खूण दिली होतीत का हो? मला दिसली नाही बघा. चुकलंच माझं.”

हो म्हणणं किती सोपं होतं!

“दिलीच नाही रे. कोन पहिल्याच खेपेला मिळाला होता. मी हावरटासारखा पुन्हा मोजत बसलो.”

वुकोताने भाजलेला हात छातीशी धरला.

“बरं. मग तो कोन तरी आहे ना?”

“तळ्यात टाकला. सगळंच टाकलं.”

“म्हणजे माझा हात उगाचच गेला?”

“उगाचच,” रादोमान म्हणाला, आणि त्याला पाठुंगळी घेण्यासाठी खाली वाकला.