छतावरची सरळ रेघ

गाडी बघायला येणारा माणूस आधी बॉनेट उघडायला सांगतो. मग टायरांना लाथ मारून बघतो आणि शेवटी, काही कळत नसलं तरी, खाली वाकून ‘हं…’ म्हणतो. हा माणूस मात्र बूट काढून मागच्या दारातून आत शिरला आणि सरळ माझ्या बिछान्यावर आडवा झाला.

“अहो!” मी म्हणाले.

“एकच मिनिट,” तो छताकडे बघत म्हणाला. “जाहिरातीतल्या फोटोत अर्धंच दिसत होतं.”

मी दारात उभी. हातात पाना, नाकावर ग्रीसचा डाग, आणि माझ्या बिछान्यावर एक अनोळखी, चष्मा लावलेला, पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलेला माणूस. ओरडावं की हसावं, हेच मला कळेना.

छतावर बघण्यासारखं होतं, हे खरं. धंद्याने मी सुतार. एक जुनी, चारही चाकं ओढणारी मालवाहू गाडी घेऊन तिच्या पोटात मी स्वतःच्या हातांनी घर बसवलं होतं. पलंग, शेगडी, नळ, भिंतीत मुडपणारं टेबल, सगळं. तीन वर्षं त्या घरातून एकटी हिंडले. रोज संध्याकाळी गाडी थांबली की पलंगावर पडून, हात वर करून, छताच्या प्लायवुडवर त्या दिवसाचा रस्ता काळ्या पेनाने काढायचे. नद्या निळ्या. तीन वर्षांत रेघ उशापासून पायथ्यापर्यंत पोचली होती.

आता येत्या पहिल्या तारखेपासून मी सुतारकामाच्या शाळेत शिकवणार होते. गाडी मामाच्या गॅरेजच्या अंगणात अर्धी जागा अडवून बसली होती आणि मामा रोज तिच्याकडे बघून उसासे टाकत होता. विकायची तर होतीच.

“इथे पडल्यावर पाऊस कसा ऐकू येतो?” त्याने विचारलं.

“घेणारे लोक मायलेज विचारतात.”

“हो, तेही विचारायचं होतं. मायलेज किती?”

“सात-आठ.”

“म्हणजे… ते चांगलं असतं का?”

आता मात्र मी हसले. तो उठून बसला, डोकं फळीला आपटलं, आणि डोकं चोळत चोळतच त्याने छताच्या कोपऱ्यात, पायथ्याजवळ बोट ठेवलं. “ही नदी ना? तुमची रेघ तिच्यावरून पलीकडे गेलीय. तिथे पूल आहे?”

“नाही.”

“मग?”

“पाण्यातून गेले,” मी म्हणाले.

त्याने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. असं आजवर माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. कौतुक होतं त्यात, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. माझे कान तापले. त्याला वाटलं असेल, लाजले. लाजले नव्हते… म्हणजे, फक्त लाजले नव्हते.

दोन दिवसांनी तो परत आला. या वेळी मोजपट्टी घेऊन. गाडीची उंची मोजली, पलंगाची लांबी मोजली, आणि कागदावर काही न लिहिताच निघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा विचारलं, “या खुंट्या अकराच का?” मी सांगितलं, “बारावीचं लाकूड संपलं.” यावर तो इतका खूश झाला, जणू गाडीत सोनं सापडलं. मग मीही त्याला विचारू लागले. चष्मा किती नंबरचा? पायमोजे कधी शिवणार? त्याची उत्तरंही तो अगदी मन लावून द्यायचा.

“पोरी,” मामा गाडीखालून म्हणाला, “हा चष्मेवाला ताकाला येतोय आणि भांडं लपवतोय.”

“गाडी बघायला येतो, मामा.”

“गाडी? परवा मी त्याला म्हटलं, क्लच दाबून बघ. त्याने ब्रेक दाबला.”

चौथ्या भेटीत मीच विचारलं. आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसलो होतो, मधे चहाचे दोन पेले. “तुम्हाला गाडी चालवता येते?”

तो चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, “नाही.”

“लायसन?”

“चालवता येत नसेल तर लायसन कुठून येणार?”

“मग तुम्ही गाडी कशाला बघताय?”

“गाडी नाही बघत,” तो पेल्यात बघत म्हणाला. “मी नकाशांच्या कार्यालयात आहे. दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासतो. आयुष्यभर रस्तेच बघतोय, पण सगळे टेबलावर. जाहिरातीत तुमचं छत दिसलं आणि… माझ्या नकाशात त्या नदीपलीकडे दोन वस्त्या आहेत. त्यांना रस्ताच नाही. नुसते दोन ठिपके. आणि तुमच्या छतावर रस्ता आहे.”

त्याने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. त्यांच्या कार्यालयाचा फॉर्म. ज्याने रस्ता स्वतः पार केला त्याने सही करून दिली, तर तो नकाशात घेता येतो. सोमवारी नकाशा छपाईला जाणार होता. “तुमची सही मिळाली तर त्या वस्त्यांना रस्ता मिळेल. लोक तो बघून जातील. डॉक्टर, टपालवाले, कुणीही.”

“कुणीही,” मी म्हणाले.

“रविवारी येऊ का न्यायला?”

मी मान हलवली. तो गेला आणि मी तो फॉर्म शेगडीच्या कप्प्यात टाकून कप्पा लावून घेतला. थोड्या वेळाने परत उघडला. वरच एक प्रश्न होता: ‘आपण हा रस्ता स्वतः पार केला आहे काय? होय / नाही.’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर त्या प्रश्नाने दिवसाढवळ्या लख्ख उजेड पडला. कारण ती नदी मी ओलांडली नव्हती.

तीन दिवस मी तिच्या काठावर बसले होते. रोज सकाळी काठी घेऊन पाण्यात उतरायचे. पहिल्या दिवशी गुडघाभर, तिसऱ्या दिवशी कंबरेच्या वर. तरी तिसऱ्या दुपारी मी गाडी घातली. पुढची चाकं पाण्यात गेली, इंजिन खोकलं, आणि मला एकच गोष्ट सुचली. या क्षणी मी कुठे आहे, हे जगात एकाही माणसाला माहीत नाही. मी रिव्हर्स टाकला. त्या संध्याकाळी छतावर नदीपलीकडे रेघ ओढली आणि दुसऱ्या दिवशी घराची वाट धरली. फोनवर आईला म्हटलं, ओलांडली. आईने मामाला सांगितलं, मामाने गिऱ्हाइकांना सांगितलं, आणि सुतारशाळेच्या मुख्याध्यापकांनी मला नेमताना सांगितलं, “मुलांना नदीची गोष्ट जरूर सांगा हं.”

खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं. मी वर्षभर पोसत होते. पण आता त्यावरून लोक गाड्या घालणार होते. आणि ‘नाही’वर खूण केली तर एका माणसाच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे काही होतं, ते पुसलं जाणार होतं. खरं सांगते, वस्त्यांइतकीच मला या दुसऱ्या गोष्टीची धास्ती होती. चार भेटींत कुणी इतकं आवडावं का? पण आवडला होता. अकरा खुंट्यांवर खूश होणारा माणूस रोज रोज भेटत नाही.

शनिवारी गाडी विकली गेली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, बॉनेट उघडलं, टायरांना लाथ मारली, खाली वाकून ‘हं’ न म्हणता थेट गिअरबॉक्सबद्दल विचारलं. त्यांना लांबच्या गोठ्यांपर्यंत जाणारा दवाखाना हवा होता. माझा पलंग त्यांनी थोपटून पाहिला. “इथे वासरू मावेल. सोमवारी सकाळी नेते. फक्त हे छत काढून टाका. मला पांढरं, धुता येईल असं हवं.”

मी हो म्हटलं. त्या गेल्यावर बराच वेळ पलंगावर पडून राहिले. आता इथे वासरू झोपणार होतं, आणि मला त्याचं वाईटही वाटत होतं आणि बरंही.

रविवारी तो आला तेव्हा भुरभुर पाऊस होता. केस ओले, चष्म्यावर थेंब. पावलं वाजली तशी मी शेगडीच्या कप्प्यातून फॉर्म काढला. पण आधी बोलूनच टाकलं.

“गाडी विकली. आणि मी नदी ओलांडली नाही.”

तो दारात थांबला.

“तीन दिवस बसले आणि घाबरून परत आले. मी कुठे आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. रेघ नंतर ओढली. सगळ्यांना खोटं सांगितलं. तुम्हालाही.” मी फॉर्म पुढे केला. ‘नाही’वर खूण होती, आणि खाली तीन दिवसांचं पाणी जसंच्या तसं लिहिलं होतं. “तुमच्या ठिपक्यांना रस्ता नाही देता आला मला.”

त्याने फॉर्म घेतला. वाचला. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला, पुन्हा वाचला. मला वाटलं, आता वळतो आणि जातो. पण त्याने बूट काढले आणि तो पलंगावर आडवा झाला.

“या,” तो म्हणाला. “हे बघा.”

मी बाजूला, मधे हातभर अंतर ठेवून पडले. वर पाऊस टपटपत होता.

“आडवं पडून, हात वर करून रेघ काढली की ती थरथरते,” तो बोट फिरवत म्हणाला. “हे सगळं बघा, सगळं हललेलं आहे. इथे तुम्ही दमलेल्या होतात. इथे बहुतेक शिंकलात.”

“डास होता.”

“डास होता. आणि ही शेवटची…” त्याचं बोट नदीवर आलं. “एकदम सरळ. पट्टी लावून काढलेली. ज्या रस्त्यावरून माणूस गेलेला असतो, तो रस्ता इतका सरळ कधीच येत नाही.”

माझी सुताराची पोलादी पट्टी समोरच्या खुंटीवर लटकत होती. मी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “म्हणजे… तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?”

“शंका आली होती. खरं तर फोटोतच आली. इतकं प्रामाणिक छत, आणि त्यात हीच एक रेघ अशी का, म्हणून तर आलो.”

“मग सरळ विचारायचं ना!”

“हिंमत नाही झाली. वाटलं, फॉर्म विचारेल.”

“आणि मी ‘होय’ लिहिलं असतं तर?”

“रस्ता छापला नसता. आणि मग मला इथे परत यायला तोंड राहिलं नसतं… त्याचं मला फार वाईट वाटलं असतं. कारण नदीपुरता मी एकदाच आलो होतो. बाकीचे तीन फेरे तुमच्यासाठी मारले.” आणि कान लाल करून, छताकडेच बघत म्हणाला, “मला तुम्ही आवडता. हे आमच्या कुठल्याच फॉर्मवर लिहिता येत नाही.”

बाहेरून मामाचा आवाज आला, “छत काढताय की त्याची पूजा करताय?”

मी झटकन उठले, फळीवर डोकं आपटलं, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. स्क्रू चोवीस होते. तो दोन्ही हातांनी प्लायवुड वर धरून उभा, मी त्याच्या हातांमधून वाट काढत एकेक स्क्रू सोडवत होते. असल्या कामाला माणूस जवळ उभा लागतोच, त्याला माझा इलाज नव्हता. तेविसाव्या स्क्रूला मी म्हणाले, “मलाही.”

“काय?”

“मलाही आवडता. नीट धरा, पडेल.”

छत खाली आलं. तो ते त्याच्या खोलीत, टेबलासमोरच्या भिंतीवर लावणार होता. जायच्या आधी त्याने फॉर्म पुन्हा उघडला, मांडीवर ठेवून सगळ्यात खालच्या ‘शेरा’ लिहिलेल्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे दिला. अक्षर अगदी सरकारी होतं.

‘रस्ता सिद्ध नाही. हिवाळ्यात, पाणी उतरल्यावर प्रत्यक्ष पाहणी आवश्यक. पाहणीस दोन व्यक्ती.’

“गाडी तर उद्या जातेय,” मी म्हणाले.

“नदीच्या अलीकडच्या गावापर्यंत बस जाते. पुढे चालत.”

“आणि तेव्हाही पाणी जास्त असलं तर?”

“तर परत फिरू,” तो म्हणाला. “आणि परत फिरलो असंच लिहू.”

इतकं सोपं होतं ते. वर्षभर मला सुचलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते ग्रीसच्या हातांनीच पुसले, म्हणजे व्हायचं तेच झालं. त्याने खिशातून रुमाल काढून दिला.

मग आम्ही प्लायवुड उचललं. पुढचं टोक धरून तो उलटा चालत, मागचं माझ्याकडे. फाटकापाशी पोचेपर्यंत त्याने ते दोनदा खांबाला आपटलं. पाठीमागून मामा ओरडला, “अहो नकाशेवाले, रस्ता दिसतोय ना?”

“मला नाही,” तो म्हणाला. “पण मी कुठे आहे, हे यांना माहीत आहे.”

मी माझं टोक घट्ट धरलं आणि त्याला डावीकडे वळायला सांगितलं.