पेटीची पलीकडची कडी

दम्माम बंदराजवळच्या त्या शीतगृहात स्मृती गेली ती एका साध्या तपासणीसाठी. हातांनी ओझी उचलणाऱ्या कामगारांची सुरक्षितता पाहणे हे तिचे काम, आणि दिवसातले हे तिसरे गोदाम. बाहेर सत्तेचाळीस अंश, आत उणे बावीस. मधल्या प्लास्टिकच्या पडद्यातून माणसे दिवसाला साठ वेळा ये-जा करतात. हृदयाला ते कोणी समजावून सांगत नाही.

तक्रार एवढीच होती : मासळीच्या सेहेचाळीस किलोच्या पेट्या रत्नागिरीचा रहमतुल्ला एकटाच उचलतो. नियमाने एका पेटीला दोन माणसे लागतात, दोन टोकांच्या कड्यांना एकेक. त्याचा जोडीदार शारीक आठ दिवसांपूर्वी बाहेरच्या ट्रकमध्ये उष्माघाताने दगावला होता. बदली माणूस आला नव्हता. आज स्मृतीने अहवालात तसे लिहिले, तर रहमतुल्लाची या कामातून सुटका होणार होती. नाही लिहिले, तर त्याची कंबर आधी जाते की काळीज, एवढाच प्रश्न उरत होता.

"एकटेच उचलता ना, रहमतुल्लाभाई?"

"एकट्यानं उचलणारा माणूस तुमच्या पुण्यात असेल, मॅडम. आमच्याकडे नाय." तो हसला, पापण्यांवर हिमाचा भुगा होता. "शारीक आहे ना त्या कडीला."

थकलेली माणसे असे बोलतात. थंडीने बुद्धी मंदावते, हे तिने अभ्यासले होते. तिने अलीकडच्या कडीत वजनकाटा अडकवला.

"उचला."

काट्यावर तेवीस किलो.

पलीकडचे टोक जमिनीवर टेकलेले असेल तर निम्मेच वजन येणार, हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने वाकून पेटीखाली टॉर्च धरला. उजेड आरपार गेला. पलीकडे नुसते धुके, आणि त्यात उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा वास. त्या बाजूच्या कडीवरचे हिम तेवढे वितळून थेंब थेंब गळत होते.

"रहमतुल्लाभाई... खाली ठेवा. बाहेर चला."

"मी गेलो तर तो एकटा पडेल, मॅडम... त्याची ड्युटी अजून संपली नाय. दमलाय बिचारा."

"तुमचं नाव मी लिहिते आहे. आजपासून तुम्ही आत यायचं नाही."

त्याने वाद घातला नाही. कोणीतरी एकदाचे थांब म्हटले, याचेच त्याला हायसे वाटले असावे. हातातले टोक टेकवून, कंबर धरून, तो पडद्याबाहेर गेला. त्याच्या नावापुढे 'तातडीने हलवावे' असे लिहून स्मृतीने सही केली. एक माणूस वाचला होता.

मग तिने वर पाहिले.

पेटीचे पलीकडचे टोक खाली आलेच नव्हते. जमिनीपासून वीतभर वर ते तसेच होते, आणि थरथरत होते... फार वेळ ओझे धरून राहिलेल्या माणसाचे हात थरथरतात, तसे.

बाहेरून रहमतुल्लाने हाक मारली. असे धरून ठेवणे कोणाच्याच पाठीला बरे नव्हे, एवढेच तिला त्या क्षणी सुचले. वही बाजूला ठेवून, पाठ सरळ ठेवत, तिने गुडघे वाकवले आणि अलीकडची कडी धरली.

धुक्यातून कोणीतरी दमलेल्या आवाजात मोजले, एक... दोन... आणि तीनच्या जागी नुसता एक लांब श्वास घेतला.