काठीची गुट्टी

बसा जवळ. पण अर्ध्यातून उठून कोणी म्हणेल, काका, घरी सोडून द्या, तं मी येणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

ही गोष्ट ताराचंद सुताराची. माझा सोबती होता तो, खोटं बोलून त्याले काय मिळते? सन चौऱ्याऐंशी, पौष वद्य नवमी. शहापूरच्या सेवकरामनं त्याले बापाचा फोटो टांगाले बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी सुखरामबाबाचं वर्षश्राद्ध. फोटो म्हणजे कसा? अडीच हात उंच, सागाची चौकट, जाड काच. दोघांनी धरावा लागे.

अन् भिंत? जुनं मातीचं घर पावसात बसलं, म्हणून सेवकरामनं नव्या घराच्या भिंतीच गिट्टी-सिमेंटनं ओतून घेतल्या होत्या. खिळा ठोकला का वाकडा होते. मोठी ऐट होती त्याले त्या भिंतींची! सुखरामबाबाले लकवा झालेला. रात्री तहान लागली का तो काठी ठोकायचा. म्हणे, "जुन्या घरी कुडावर ठोकलं का तू उठत होता रे. इथं कसा उठशील?"

आदल्या पौषात एका सकाळी बाबा गेलेला दिसला. काठी हातातच. तांब्या कोरडा. सेवकराम भिंतीच्या पलीकडंच झोपला होता, पण त्याले काही ऐकू आलं नव्हतं.

तं ताराचंदनं त्याच भिंतीत छिन्नीनं भोक पाडता पाडता दिवस बुडाला. आता भोकात लाकडाची गुट्टी ठोकायची अन् तिच्यात स्क्रू पिळायचा. गुट्टीले वाळलेलं, टणक लाकूड पाहिजे. ताराचंदजवळचे तुकडे निघाले ओले. सेवकराम बाबाच्या रिकाम्या खोलीतून काठी घेऊन आला.

"मेलेल्या माणसाची काठी काहून ठेवली गा घरात?" ताराचंद म्हणाला. "खाटेसंगं देऊन टाकायची असते."

"मन नाही झालं. काप तू."

ताराचंदनं चार बोटं तुकडा कापला. उरलेली काठी सेवकरामनं परत खोलीत ठेवली, कडी लावली. गुट्टी ठोकली, फोटो चढवला. मस्त बसला.

नऊ वाजले होते. दोघं जेवाले बसले. दोन घास झाले असतील...

ठक. ठक. ठक.

"कोण ठोकून राहिलं जी?" सेवकरामची बायको चंद्रकला म्हणाली.

ताराचंदनं दाराकडं पाहिलं.

ठक. ठक. ठक.

भिंतीतून. बाबाच्या खोलीकडून.

सेवकराम उठला. तांब्या भरला. कडी काढली. बल्ब लावला. खोली रिकामी. काठी कोपऱ्यात.

"बाबा... पाणी आणलं."

...

"कुठं ठेवू? कोणाले देऊ जी?"

...

खाट होती त्या जागी तांब्या ठेवला. बाहेर आला. कडी लावली.

ठक. ठक. ठक.

पुन्हा गेला. कोणी नाही. पुन्हा... किती वेळा गेला, ताराचंदनं मोजलं नाही. त्यानं फोटो उतरवला, गुट्टी पकडीनं ओढली, छिन्नी मारली. गुट्टी सिमेंट सोडते काय? छिन्नीचं टोक तुटलं.

शेवटी सेवकराम भिंतीले डोकं टेकून बसला. लहान पोरावानी रडला. "आता ऐकू येते, बाबा... आता येते..."

ठक. ठक. ठक.

पहाटे चारले थांबलं.

सकाळी मी श्राद्धाले गेलो, तं माझ्यासमोर कडी काढली. तांब्या काठोकाठ भरलेला, एक थेंब कमी नाही. काठी कोपऱ्यात उभीच. ताराचंदनं आरीनं कापलेलं तिचं टोक सपाट पाहिजे होतं, नाही का? मी हातात धरून पाहिलं. कडुनिंबाची दातून चावल्यावर होते, तसं फुटलेलं होतं. अन् त्या फुटलेल्या लाकडात... सिमेंट.