वाफेची पंधरा मिनिटं

"डबीवर स्पष्ट छापलंय, हे शिरेतून द्यायचं इंजेक्शन आहे. आणि तुम्ही ते वाफेच्या मशीनमध्ये ओतताय?"

त्याच्याशी माझं पहिलं बोलणं हे असं झालं. तो छातीच्या वॉर्डातला नर्स. सगळे त्याला ब्रदर म्हणत. पुढे माझ्या जिभेवर तो शब्द येईना, ही गोष्ट वेगळी.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते, त्यामुळे दिसेल ते अक्षर वाचायची खोड. त्यात बाबांना खोकल्यातून रक्त पडत होतं, माझा जीव टांगणीला लागलेला. वॉर्डभर ऐकू जाईल एवढी भांडले. त्याने शांतपणे डॉक्टरांचा कागद पुढे केला. रक्त थांबवणारं तेच औषध वाफेतून दिलं की थेट छातीत पोचतं, हे समजावलं. मी ओशाळले... आणि तेव्हा कुठे त्याच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. आधी गेलं असतं, तर कशाला भांडले असते?

दिवसातून तीनदा, पंधरा मिनिटं. मास्क लावला की बाबांना बोलायची बंदी, म्हणून आम्ही दोघं बोलायचो. आधी खोकल्याबद्दल, मग छापखान्यातल्या गमतींबद्दल, मग कशाबद्दलही. तो हसला की माझं वाक्य अर्ध्यात राहायचं.

चौथ्या दिवशी रुमाल कोरा निघाला. मी आनंदाने रडले. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळची वाफ शेवटची, ती झाली की घरी. डोळे पुसता पुसता लक्षात आलं – उद्यापासून तो दिसणार नाही.

संध्याकाळी वाफ सुरू झाली. तो चादरीची घडी घालत होता, पुन्हा मोडत होता. मी खिडकीबाहेर बघत होते. मशीन आपलं घरघरतंय...

शेवटी बाबांनीच मास्क कपाळावर सरकवला.

"औषध केव्हाच संपलंय. अर्धा तास झाला, मी नुसती हवा ओढतोय. काय ते बोलून टाका एकदाचं, म्हणजे मी सुटेन."

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. मशीन एक मिनिटही जास्त चालू न ठेवणारा माणूस कानापर्यंत लाल झाला होता.

"मला माहीत होतं संपलंय ते," तो म्हणाला. "बंद केलं असतं, तर – तर तुम्ही निघाला असता."

"मला नाही जायचं," मी म्हटलं. "म्हणजे... तुम्हाला सोडून नाही."

त्याने माझा हात हातात घेतला, अगदी बाबांच्या देखत. बाबांनी हात लांब करून स्वतःच मशीन बंद केलं.